मिनी स्ट्रोक आणि स्ट्रोक : घड्याळ नेमकं कधी सुरू करायचं?



गेल्या लेखात आपण संशोधनातला 'शून्य क्षण' पाहिला होता, म्हणजे निरीक्षण कोणत्या क्षणापासून सुरू झालं असं धरायचं ते. बऱ्याच जणांनी सांगितलं की व्याख्या कळली, पण त्याने फरक काय पडतो ते कळलं नाही. म्हणून आज एकच आजार घेऊन तो मुद्दा नीट पाहू. आजार आहे स्ट्रोक, म्हणजे पक्षाघाताचा झटका, आणि त्याचं धाकटं भावंड मिनी स्ट्रोक. पेट किंवा मुलाखतीची तयारी करत असाल तर पद्धतीचा भाग वाचाच. आणि ती तयारी नसेल तरी लक्षणांचा भाग वाचा, कारण तो घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा.

आधी आमच्या घरातली गोष्ट सांगतो. मी अकरावीत होतो. आजोबा सकाळी ओट्यावर चहा पीत बसले होते. अचानक उजव्या हातातून बशी निसटली. काहीतरी बोलायला गेले तर शब्द जड येत होते आणि ओठाची एक बाजू खाली आल्यासारखी दिसत होती. आम्ही घाबरलो, पण दहा-पंधरा मिनिटांत सगळं पूर्ववत. हात हलू लागला, बोलणंही स्पष्ट झालं. कुणी म्हणालं पित्त झालं असेल, कुणी म्हणालं अशक्तपणा. लिंबूपाणी दिलं आणि विषय संपला. चौथ्या दिवशी पहाटे ते न्हाणीघराच्या दारात पडलेले दिसले. उजवी बाजू पूर्ण गेली होती. शेजारी म्हणाले, "अंगावरून वारं गेलं." आधी मालीश करणाऱ्याकडे नेलं, मग दवाखान्यात. तोवर संध्याकाळ झाली होती. त्यानंतर आजोबा सहा वर्षं जगले, पण त्या सहा वर्षांत त्यांच्या तोंडून 'हो' या शब्दाशिवाय फारसं काही आलं नाही.

ती बशी पडली तेव्हा काय झालं होतं, हे मला कळायला एम.एस्सी.पर्यंत थांबावं लागलं. तुम्हाला तितकं थांबावं लागू नये, एवढ्यासाठी हा लेख.

झटका म्हणजे नेमकं काय?

मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. शिवाय त्याच्याकडे साठवण जवळजवळ नसते. त्यामुळे रक्त थांबलं की परिणाम सेकंदांत दिसतो.

रक्त थांबण्याचे दोन मार्ग. एक, रक्तवाहिनीत गुठळी अडकते. याला इस्केमिक स्ट्रोक म्हणतात. दोन, रक्तवाहिनी फुटते आणि रक्त मेंदूत किंवा त्याच्या आवरणाखाली पसरतं. हा रक्तस्रावाचा स्ट्रोक. जगभरात पहिला प्रकार जास्त आढळतो, मात्र आशियातल्या बऱ्याच देशांत रक्तस्रावाचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आहे. बाहेरून दोन्ही अगदी सारखे दिसतात. कितीही अनुभवी डॉक्टर असला तरी फक्त तपासून खात्रीने सांगू शकत नाही, त्यासाठी सीटी स्कॅन लागतो. हे लक्षात ठेवा, उपचाराच्या भागात कामाला येईल.

मेंदूच्या दर १०० ग्रॅम भागाला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त मिळतं. ते २०च्या आसपास उतरलं की पेशी काम थांबवतात, पण जिवंत राहतात. १०च्या खाली गेलं की काही मिनिटांत मरू लागतात. म्हणजे रक्त थांबलेल्या भागाच्या अगदी मध्यावर मेलेला भाग आणि त्याच्या भोवती 'बंद पडलेला पण जिवंत' असा पट्टा असतो. या पट्ट्याला पेनम्ब्रा म्हणतात. विहीर आटली की पिकाचं जे होतं तेच इथे होतं : पानं माना टाकतात, पण मूळ अजून ओलं असतं. पाणी वेळेत आलं तर पीक उभं राहतं. स्ट्रोकचे जवळपास सगळे तातडीचे उपचार या पट्ट्यासाठी असतात. २००६ साली जेफ्री सेव्हर यांनी मांडलेला हिशेब प्रसिद्ध आहे : मोठी रक्तवाहिनी बंद झालेल्या स्ट्रोकमध्ये उपचाराविना गेलेल्या प्रत्येक मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात.

मग मिनी स्ट्रोक कशाला म्हणायचं?

वैद्यकीय भाषेत याला टीआयए म्हणतात, ट्रान्झियंट इस्केमिक अटॅक. गुठळी अडकते, लक्षणं येतात, पण ती आपोआप विरघळते किंवा पुढे सरकते आणि रक्त पुन्हा सुरू होतं. आजोबांच्या हातातली बशी पडली ती बहुधा यामुळेच.

आता इथे पहिलं घड्याळ येतं. १९७० च्या दशकापासून व्याख्या अशी होती की लक्षणं २४ तासांच्या आत पूर्ण गेली तर टीआयए, त्याहून जास्त टिकली तर स्ट्रोक. हे २४ तास कुठून आले? मेंदूच्या पेशींनी काही २४ तासांची मुदत दिलेली नव्हती. सोयीसाठी मानलेली ती एक सीमा होती. प्रत्यक्षात बहुतेक टीआयए तासाभराच्या आतच संपतात. पुढे एमआरआय आला, त्यातही पाण्याच्या कणांची हालचाल टिपणारी विशेष पद्धत आली, आणि लक्षात आलं की 'पूर्ण बरे झालेल्या' रुग्णांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांच्या मेंदूत ताजी इजा दिसते आहे. लक्षण गेलं होतं, पण पेशी मेल्या होत्या.

म्हणून २००९ साली अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि अमेरिकन स्ट्रोक असोसिएशनने व्याख्या बदलली. नव्या व्याख्येत वेळ नाहीच. मेंदू, मज्जारज्जू किंवा डोळ्याच्या पडद्याला रक्त कमी पडून तात्पुरती लक्षणं आली, आणि ऊतींना कायमची इजा झालेली नाही, तर टीआयए.

आता संशोधक म्हणून विचार करा. दोन शहरं आहेत. एकात प्रत्येक रुग्णाचा एमआरआय होतो, दुसऱ्यात फक्त सीटी होतो, ज्यात छोटी ताजी इजा बऱ्याचदा दिसत नाही. दोन्हीकडे अगदी सारखेच रुग्ण आले तरी पहिल्या शहरात स्ट्रोकचा आकडा जास्त आणि टीआयएचा कमी येईल. आजारात फरक नाही, यंत्रात आहे. त्यामुळे कुठलाही तक्ता वाचताना पहिला प्रश्न हा विचारा : रुग्ण मोजताना व्याख्या कोणती वापरली आणि ती तपासायला साधन कोणतं होतं?

हे होतं कशामुळे?

इस्केमिक स्ट्रोकची कारणं १९९३ च्या टोस्ट वर्गीकरणाप्रमाणे पाच गटांत टाकतात.

१. मोठ्या रक्तवाहिन्यांत, विशेषतः मानेतल्या कॅरोटिड धमनीत, चरबीचा थर साचणं.
२. हृदयातून आलेली गुठळी. हृदयाची लय बिघडणं, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, हे यातलं मोठं कारण. आपल्याकडे लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने खराब झालेली झडप हेही एक कारण आहे आणि त्यामुळे तरुण माणसांनाही झटका येतो.
३. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या बंद होणं. बहुतेकदा वर्षानुवर्षांचा रक्तदाब आणि मधुमेह यामागे असतो.
४. इतर ठरलेली पण विरळ कारणं, जसं धमनीचा आतला पदर फाटणं.
५. कारण न सापडलेले.

जाता जाता एक गंमत सांगतो. टोस्ट हे एका औषधाच्या चाचणीचं नाव होतं. त्या औषधाचा तीन महिन्यांच्या निकालात फायदा दिसला नाही. पण रुग्णांची वर्गवारी करायला म्हणून केलेली ती पाच खान्यांची यादी आजही रोज वापरली जाते. तुमच्या प्रबंधातला मुख्य निकाल नकारार्थी आला म्हणून रडू नका, कधीकधी पद्धतीचा भागच मागे उरतो.

या सगळ्याच्या मुळाशी काय आहे? इंटरस्ट्रोक नावाच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने, ज्यात भारतही होता, दाखवलं की स्ट्रोकच्या धोक्याचा सुमारे ९० टक्के भाग दहा गोष्टींशी जोडता येतो. त्यात सगळ्यात वर उच्च रक्तदाब. मग तंबाखू, पोटाभोवतीची चरबी, आहार, हालचालीचा अभाव, मधुमेह, दारू, मानसिक ताण, हृदयविकार आणि रक्तातले चरबीचे घटक. आजोबांची रक्तदाबाची गोळी कपाटात असायची, 'त्रास होत नाही' म्हणून ते ती घेत नसत. रक्तदाब त्रास देत नाही, तीच त्याची खरी अडचण आहे.

लक्षणं : एवढं पाठच करा

सगळ्यात महत्त्वाचा शब्द आहे 'अचानक'.

- चेहरा : हसायला सांगा. तोंडाची एक बाजू खाली राहते का?
- हात : दोन्ही हात समोर धरायला सांगा. एक हात खाली घसरतो का?
- बोलणं : एखादं साधं वाक्य म्हणायला सांगा. शब्द अडखळतात का, भलतेच येतात का, की सांगितलेलं कळतच नाही?
- डोळे आणि तोल : एका डोळ्यासमोर अचानक पडदा पडल्यासारखं होणं, एकाची दोन दिसणं, चालताना अचानक झोक जाणं.
- याआधी कधी झाली नाही अशी भयंकर डोकेदुखी एका क्षणात सुरू होणं. ही रक्तस्रावाची खूण असू शकते.

यातलं एक जरी दिसलं तरी वेळ पाहा आणि १०८ ला फोन करा. लक्षण पाच मिनिटांत गेलं तरी त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर, सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात जा. रक्तातली साखर उतरणं, फिट येणं, अर्धशिशी यांमुळेही असंच दिसू शकतं, पण ते ठरवणं डॉक्टरांचं काम आहे, आपलं नाही.

काय करू नये? तोंडात पाणी, चहा, गोळी घालू नका, गिळण्यावरचा ताबा गेलेला असू शकतो आणि पाणी श्वासनलिकेत जातं. स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन देऊ नका, कारण स्कॅन होईपर्यंत गुठळी आहे की रक्तस्राव ते माहीत नसतं. रक्तदाबाची जादा गोळी देऊन दाब घाईने उतरवू नका, त्याने पेनम्ब्राचं उरलंसुरलं रक्तही कमी होऊ शकतं. मालीश, गावठी औषध, 'वारं उतरवणं' यात तास घालवू नका.

उपचार : दुसरं घड्याळ

१९९५ साली अमेरिकेत एनआयएनडीएसच्या चाचणीचे निकाल आले. ६२४ रुग्ण, लक्षणं सुरू झाल्यापासून ३ तासांच्या आत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन किंवा त्याच्यासारखं दिसणारं बिनऔषधी इंजेक्शन. तीन महिन्यांनी औषध मिळालेल्यांत अपंगत्व नसण्याची किंवा अगदी कमी असण्याची शक्यता किमान ३० टक्क्यांनी जास्त होती. पण मेंदूत लक्षणं दिसण्याइतका रक्तस्राव औषधाच्या गटात ६.४ टक्के लोकांना झाला, दुसऱ्या गटात ०.६ टक्के. म्हणजे औषध दुधारी आहे, म्हणून आधी सीटी. २००८ साली दुसऱ्या चाचणीने ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढवली. २०१५ साली लागोपाठ आलेल्या पाच चाचण्यांनी दाखवलं की मोठ्या धमनीतली गुठळी मांडीतून नळी घालून थेट ओढून काढली तर खूप फायदा होतो. आणि २०१८ पासून, विशेष स्कॅनमध्ये वाचवण्याजोगा भाग दिसला तर, निवडक रुग्णांत ही प्रक्रिया २४ तासांपर्यंतही करतात.

पण हे तास मोजायचे कधीपासून? रुग्ण सापडला तेव्हापासून नव्हे, तर तो शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून. आजोबा पहाटे पाचला पडलेले दिसले. ते रात्री दहाला नीट बोलून झोपले होते. म्हणजे रुग्णालयाच्या दृष्टीने त्यांचं घड्याळ रात्री दहालाच सुरू झालं होतं. म्हणून दवाखान्यात नेताना दोन गोष्टी सोबत न्या : शेवटचे नीट होते ती वेळ, आणि चालू औषधांची यादी, विशेषतः रक्त पातळ करणारी औषधं.

टीआयएनंतर काय : तिसरं घड्याळ

जुन्या अभ्यासांत टीआयएनंतर स्ट्रोकचा धोका बराच कमी भासायचा. का? कारण रुग्ण अभ्यासात दाखल होईपर्यंत बरेचदा काही दिवस, आठवडे उलटलेले असत. ज्यांना मधल्या दिवसांत स्ट्रोक आला, ते टीआयएचे रुग्ण म्हणून दाखलच झाले नाहीत. उरलेल्यांचं घड्याळ उशिरा सुरू झालं आणि धोका कमी दिसला. माझे आजोबा अशा कुठल्याच अभ्यासात मोजले गेले नसते. त्यांचा चौथा दिवस त्या आकड्यांत नसता.

२००० साली जॉन्स्टन आणि सहकाऱ्यांनी घड्याळ आधी लावलं. उत्तर कॅलिफोर्नियातल्या आपत्कालीन विभागांत टीआयएचं निदान झालेले १७०७ रुग्ण घेतले. ९० दिवसांत १८० जणांना, म्हणजे १०.५ टक्के लोकांना स्ट्रोक आला. आणि त्यातल्या ९१ जणांना पहिल्या दोन दिवसांतच. 'दहा मिनिटांत बरं झालं' या वाक्याचा अर्थ त्या एका आकड्याने बदलला.

मग लगेच उपचार केले तर? हा प्रश्न घेतला ऑक्सफर्डच्या एक्सप्रेस अभ्यासाने, पीटर रॉथवेल यांच्या नेतृत्वाखाली, २००७ साली. पहिल्या टप्प्यात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर वेळ घेऊन रुग्ण टीआयए क्लिनिकमध्ये यायचे आणि औषधं सुरू करण्याचा सल्ला त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जायचा. दुसऱ्या टप्प्यात वेळ घेण्याची अट काढली आणि औषधं क्लिनिकमध्येच त्याच दिवशी सुरू केली. औषधं तीच, नवी एकही नाही. पहिली औषधचिठ्ठी मिळेपर्यंतचा मध्यक काळ २० दिवसांवरून १ दिवसावर आला. ९० दिवसांतला पुन्हा स्ट्रोक येण्याचा धोका ३१० पैकी ३२ वरून २८१ पैकी ६ वर आला.

वही घ्या आणि हे गणित स्वतः करा. पहिला धोका १०.३ टक्के, दुसरा २.१. सापेक्ष घट जवळपास ८० टक्के. निरपेक्ष घट ८.२ टक्के. १०० भागिले ८.२, म्हणजे साधारण १२. दर १२ रुग्णांना लवकर उपचार दिले की एक स्ट्रोक टळतो. मुलाखतीत 'सापेक्ष आणि निरपेक्ष धोका यांत फरक काय' असं विचारलं तर हे उदाहरण सांगा.

आता शंका काढा. हा चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला अभ्यास नव्हता, आधी-नंतरची तुलना होती. मधल्या काळात दुसरं काही बदललं असेल तर? या अभ्यासाकडे त्याचं उत्तर होतं. तो एका मोठ्या लोकसंख्येच्या नोंदणीत बसवलेला होता, त्यामुळे त्याच भागातल्या पण या क्लिनिकबाहेर उपचार झालेल्या रुग्णांचाही हिशेब होता. त्यांच्यातला धोका लक्षणीय बदलला नाही. म्हणजे काळ बदलला म्हणून नव्हे, वेग बदलला म्हणून फरक पडला असं म्हणायला आधार मिळतो. आणि इथे चिठ्ठ्या का टाकल्या नाहीत, याचाही विचार करा. 'अर्ध्या रुग्णांना मुद्दाम उशिरा औषध देऊ' असा प्रस्ताव घेऊन तुम्ही नीतिमत्ता समितीसमोर उभे राहाल का?

प्रत्यक्ष उपचारांत काय असतं? सीटी किंवा एमआरआय, मानेच्या धमन्यांची तपासणी, ईसीजी. रक्तस्राव नाही हे ठरल्यावर रक्तातल्या चकत्या चिकटू न देणारी औषधं. २०१३ ची चीनमधली चान्स चाचणी, ५१७० रुग्ण : ॲस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेल दिल्यावर ९० दिवसांतला स्ट्रोक ११.७ वरून ८.२ टक्क्यांवर आला. हृदयाची लय बिघडलेली असेल तर वेगळी, रक्त पातळ ठेवणारी औषधं. मानेची धमनी ७० टक्क्यांहून जास्त अरुंद आणि लक्षणं त्याच बाजूची असतील तर शस्त्रक्रियेचा विचार. आणि रक्तदाब, साखर, चरबी, तंबाखू यांवर कायमचा ताबा. २०१६ साली २१ देशांतल्या ४७८९ रुग्णांच्या नोंदणीत ९० दिवसांचा स्ट्रोकचा धोका ३.७ टक्केच आढळला. मात्र ती केंद्रं तातडीची सेवा देणारी होती. तोच आकडा उचलून आपल्या तालुक्याच्या गावाला लावता येणार नाही.

शेवटी

पुढचा कुठलाही शोधनिबंध वाचताना तीन प्रश्न समासात लिहा. घड्याळ कधी सुरू केलं? ते सुरू होण्याआधीच कोण गळालं? आणि सगळ्यांना मोजायचं साधन सारखंच होतं का?

आजोबांना त्याच दिवशी नेलं असतं तर ते वाचले असते का, असं आई अजून कधीतरी विचारते. मी तिला खरं तेच सांगतो. एका माणसाबद्दल कुणालाच तसं सांगता येत नाही, आकडे समूहाचे असतात. पण बारा जणांतला एक कुणीतरी असतोच, आणि तो कोण हे आधी कळत नाही. म्हणून बाराही जणांना न्यायचं.

आज घरी जेवताना लक्षणांची यादी मोठ्याने वाचून दाखवा. पुढच्या लेखात आपण 'गळालेले रुग्ण' हाच मुद्दा कर्करोगाच्या तपासणी मोहिमांमध्ये कसा दिसतो ते पाहू. तोवर अभ्यास चालू ठेवा.